आत्मवृत्त आणि संस्थावृत्त

मराठी आत्मचरित्राचा विचार करताना आपल्या समीक्षेने व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार हाच जवळजवळ एकमेव निकष मानला आहे. या निकषावर घासून पाहिले असता धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' (१९१५) काहीसे फिके ठरते. त्यात भावनेचा उत्कट आवेग नाही, आत्मसमर्थनाचा आवेश नाही, आणि पुष्कळ पृष्ठे तर वर्गण्या, देणग्या, इमारती व नियमावल्या यांनीच व्यापलेली आहेत. रूक्ष, पण प्रामाणिक, असा शेरा मारून हे पुस्तक बाजूला ठेवण्याची रीत आहे. प्रस्तुत लेखकास हा शेरा अपुरा वाटतो, कारण ज्या प्रश्नाभोवती हे पुस्तक रचले गेले आहे तो प्रश्न व्यक्तिमत्त्वाचा नाहीच. एका माणसाने घेतलेले व्रत त्याच्या पश्चात टिकावे कसे, आणि टिकविण्याच्या खटाटोपात त्या व्रतातील किती अंश सोडून द्यावा लागतो, हा त्याचा विषय आहे. अशा लेखनास 'संस्थावृत्त' म्हणावे, आणि त्याचे गुणदोष त्याच्या स्वतःच्या प्रयोजनावरून ठरवावे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

संस्थावृत्तास स्मारकग्रंथापासून वेगळे करणे अगत्याचे आहे. रौप्य, सुवर्ण व शताब्दी महोत्सवांच्या निमित्ताने निघणारे ग्रंथ आपल्याकडे विपुल आहेत. त्यांत संस्थापकांची छायाचित्रे असतात, देणगीदारांची नामावळी असते, आणि संस्थेत कधी भांडण झाले होते याचा मागमूसही नसतो. वस्तुतः ज्या संस्था दीर्घायुषी ठरल्या त्यांच्या घडणीचा खरा इतिहास बहुधा भांडणांतच सापडतो. भांडण म्हणजे संस्थेचे तत्त्व आणि तिचा व्यवहार यांची उघड झालेली गाठ. ही गाठ जे लेखन वाचकाच्या हाती देते ते संस्थावृत्त होय.

या दृष्टीने कर्व्यांच्या पुस्तकाची पार्श्वभूमी बरीच वर्षे मागे जाऊन पाहावी लागते. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल १८८० च्या जानेवारीत निघाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ त स्थापन झाली, आणि लगोलग १८८५ त फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. चिपळूणकर, टिळक, आगरकर या मंडळींच्या मनात त्यागाचा आदर्श होता. तो आदर्श नियमबद्ध करावयाची वेळ आली तेव्हा मात्र मतभेद उफाळले. आजीव सभासदाने अल्प वेतनावर राहावे हे सर्वांस मान्य होते. परंतु त्याने बाहेरचे उत्पन्न घ्यावे काय, बाहेरची कामे अंगावर घ्यावीत काय, या प्रश्नांवर टिळकांची भूमिका कठोर होती. जेझुइट धर्मोपदेशकांचा आदर्श त्यांच्या डोळ्यांसमोर होता. संस्थेस दिलेला माणूस सर्वस्वी संस्थेचाच असावा, असे त्यांचे म्हणणे. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले, वाद विकोपास गेला, आणि १८९० च्या अखेरीस टिळक सोसायटीबाहेर पडले. त्यांच्या प्रदीर्घ राजीनाम्याची हकीकत न. चिं. केळकरांच्या टिळकचरित्रामुळे मराठी वाचकांस परिचित आहे.

टिळकांची बाजू तर्कदृष्ट्या निर्दोष होती असे मला वाटते. संस्था ज्या तत्त्वावर उभी आहे त्या तत्त्वास एकदा फट पडली की पुढे तिचे भगदाड होते, हा त्यांचा आग्रह अनुभवाने खोटा ठरलेला नाही. परंतु येथे इतिहासाने एक विलक्षण योग घडवून आणला. टिळक गेल्यामुळे गणिताच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली, आणि त्या जागेवर गोखल्यांच्या निमंत्रणावरून १८९१ त मुंबईहून धोंडो केशव कर्वे आले. पुढे तेही आजीव सभासद झाले, आणि १९१४ पर्यंत त्यांनी तेथे गणित शिकविले. याच काळात, म्हणजे सोसायटीचे बांधील सेवक असतानाच, त्यांनी १८९६ त अनाथ बालिकाश्रम काढला. टिळकांचा नियम त्या वेळी अक्षरशः अमलात असता तर हा आश्रम निघालाच नसता. एका संस्थेच्या तत्त्वाला पडलेल्या फटीतून दुसरी संस्था उगवली, असे म्हटले तर ते अलंकारिक वाटेल. पण घडले ते तसेच. तत्त्वाची शुद्धता आणि संस्थेची प्रसवशक्ती या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत, हे या प्रकरणावरून ध्यानात यावे.

आता 'आत्मवृत्ता'च्या गाभ्याकडे वळू. कर्व्यांनी १८९३ च्या मार्च महिन्यात गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. विवाहानंतर मुरूडकरांनी घातलेला बहिष्कार, आप्तांची झालेली कुचंबणा, विधवाविवाहोत्तेजक मंडळीची त्याच वर्षी झालेली स्थापना हा भाग कर्व्यांनी विस्ताराने सांगितला आहे. पण तीन वर्षांनी आश्रम काढताना त्यांनी ठरविले की पुनर्विवाहाच्या चळवळीशी या संस्थेचा संबंध असणार नाही. विधवांना शिक्षण देऊन स्वावलंबी करावे, एवढेच तिचे काम. ज्याने स्वतः विधवेशी लग्न केले त्यानेच आपल्या संस्थेच्या दाराबाहेर पुनर्विवाहाचा प्रश्न ठेवला. सुधारकांना हे धोरण मिळमिळीत वाटले, आणि सनातन्यांचा तर त्यावर विश्वासच बसेना.

हे धोरण भित्रेपणाचे होते काय? निर्णय देण्यापूर्वी १८९३ हे वर्ष पुन्हा आठवावे. शारदासदनात धर्मांतराची प्रवृत्ती आहे या आरोपावरून त्याच वर्षी पुण्यात मोठे वादळ उठले, आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या मातबर सल्लागारांनी सदनाशी असलेला संबंध सोडला. मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेले. रमाबाईंचे काम थांबले नाही. परंतु पुण्यातील मध्यमवर्गाची दारे त्यांना बंद झाली. विधवांसाठी काढलेल्या संस्थेचे खरे भांडवल पैसा नव्हे, मुलगी पाठविणाऱ्या बापाचा व दिराचा विश्वास हे आहे, हा धडा कर्व्यांनी याच घटनेवरून घेतला असावा. पुनर्विवाहाचा उच्चार होताच तो विश्वास नाहीसा झाला असता, आणि आश्रम विधवांसाठी खुला पण विधवांवाचून ओस राहिला असता.

या जागी कर्व्यांच्या शैलीचे मर्म उकलते. तडजोडीचे समर्थन करताना ते वक्तृत्व वापरीत नाहीत, आणि तडजोड झालीच नाही असेही दाखवीत नाहीत. हिंगण्याच्या माळावरील पहिल्या झोपडीचे वर्णन आणि देणग्यांचा हिशेब ते एकाच सपाट स्वरात सांगतात. वाङ्मयीन दृष्टीने हा सपाटपणा उणेपणाचा वाटतो खरा. पण हा स्वर विश्वस्ताचा आहे, आणि विश्वस्ताने आवाज चढविला की ऐकणाऱ्यास त्याच्या हिशेबाचीच शंका येते. पै-पैचा जमाखर्च जनतेपुढे ठेवणे हीच या गद्याची नीती आहे. तिचे मोल अलंकारांवरून ठरविणाऱ्या टीकाकाराने चुकीच्या तराजूत माल घातला, असे म्हणावे लागते.

निष्काम कर्ममठाचे प्रकरण त्या मानाने लहान आहे. १९०८ त कर्व्यांनी या मठाची स्थापना केली ती निःस्वार्थ कार्यकर्त्यांची परंपरा निर्माण व्हावी म्हणून. प्रतिज्ञा घेऊन संस्थेस आयुष्य वाहणाऱ्यांचा हा संघ म्हणजे टिळकांच्या जेझुइटी कल्पनेचेच एक सौम्य रूप. पण मठ स्वतंत्रपणे फार काळ उभा राहिला नाही; आश्रमाच्या व विद्यालयाच्या कारभारात तो विलीन झाला. संस्था उरली, व्रतस्थांचा संघ उरला नाही. निष्कामतेची घटना लिहिता येते, निष्काम माणसे घटनेच्या कलमांनी निर्माण होत नाहीत, असा याचा अर्थ कुणी लावील. मला त्याहून साधे कारण दिसते: आश्रमात शिकून तयार झालेल्या स्त्रियाच पुढे आश्रमाचे काम करू लागल्या, आणि बाहेरून व्रतस्थ आणण्याची निकड पूर्वीइतकी राहिली नाही.

तुलनेसाठी श्रीधर व्यंकटेश केतकरांचे 'माझे बारा वर्षांचे काम' (१९२७) हे ज्ञानकोश मंडळाचे वृत्त घ्यावे. केतकरांनी मार्ग अगदी उलट निवडला. त्यागी सभासदांचे मंडळ नव्हे, तर भागभांडवलाची कंपनी काढून त्यांनी ज्ञानाचा उद्योग आरंभिला, वर्गणीदार मिळविले, आणि पाच प्रस्तावनाखंडांसह तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' पुरा केला. एवढे अवाढव्य काम एका खाजगी मंडळाने तडीस नेले, ही मराठी विद्येच्या इतिहासातील असाधारण घटना आहे. त्यांचे गद्य कर्व्यांच्या गद्याच्या दुसऱ्या टोकास आहे; ते भांडखोर आहे, पसरट आहे, आणि प्रतिपक्षास टोला हाणण्याची संधी सहसा दवडीत नाही. ते वाचनीयही अधिक आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यात 'मी' आणि 'मंडळ' यांच्यामध्ये रेषा आखता येत नाही. कोश संपला तसे मंडळाचे प्रयोजन संपले. गुजराती ज्ञानकोशाचा त्यांचा पुढील उपक्रम अपुराच राहिला, आणि १९३७ त केतकर वारले. मात्र एवढ्यावरून ज्ञानकोश मंडळ अल्पायुषी ठरले असे घाईने म्हणू नये. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे त्याच मांडवाखाली शिकलेले सहकारी. १९३२ पासून निघालेला 'महाराष्ट्र शब्दकोश' ही त्यांची कामगिरी. मंडळ मोडले तरी तेथे घडलेले कसब टिकले. हिंगण्याची संस्था आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था या नावाने उभी आहे, आणि १९१६ तील महिला विद्यापीठ ठाकरसींच्या नावाने चालू आहे. केतकरांचे असे नाव लावून चालणारे घर उरले नाही. दीर्घायुष्याचे हे दोन प्रकार आहेत, आणि दुसऱ्याची नोंद आपले इतिहासकार क्वचितच घेतात.

कर्व्यांच्या बाबतीत एक हिशेब 'आत्मवृत्ता'च्या खात्यात नीट उतरलेला नाही. तो पाहण्यास दुसरी दोन पुस्तके उघडावी लागतात: पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' (१९२८) आणि आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' (१९४४). पार्वतीबाई या आनंदीबाईंच्या, म्हणजेच पूर्वीच्या गोदूबाईंच्या, धाकट्या बहीण. त्याही विधवा; पण त्यांनी पुनर्विवाह केला नाही. त्या आश्रमात शिकल्या, तेथील व्यवस्था पाहू लागल्या, निधीसाठी गावोगाव हिंडल्या, आणि त्याच कामी अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. थोरली बहीण संस्थापकाची पत्नी. तिने पुनर्विवाह केला होता, म्हणूनच आश्रमाच्या प्रारंभीच्या काळात तिने तेथे राहणे धोरणात बसत नव्हते. कर्वे कॉलेज आटोपून पायी हिंगण्यास जात आणि कुटुंब पुण्यात राही. संसारातील शिल्लक, एवढेच नव्हे तर आयुष्याच्या विम्याची रक्कमही आश्रमाकडे गेली, तेव्हा घरी काय वाटले याचा उल्लेख 'आत्मवृत्ता'त येतो तो ओझरता.

'माझे पुराणा'त मात्र हे सारे बोलीच्या ठसक्यात आले आहे. आनंदीबाई कुरकुरतात, रागावतात, स्वतःची थट्टा करतात, पतीच्या मोठेपणाविषयी त्यांना शंका नाही, आणि त्या मोठेपणाचा खर्च कोणाच्या नावे पडला हेही त्या विसरत नाहीत. आश्रमास समाजाचा विश्वास मिळावा म्हणून जी रेषा आखली गेली, ती या दोन सख्ख्या बहिणींच्या मधून गेली. ज्या पुनर्विवाहामुळे कर्व्यांचे सामाजिक कार्य सुरू झाले, त्या विवाहातील स्त्रीच त्या कार्याच्या मुख्य घराबाहेर राहिली. कर्व्यांच्या धोरणाचे समर्थन मी वर केले आहे, आणि ते मागे घेत नाही. परंतु समर्थन करताना या पुस्तकाचे पान समोर उघडे असावे. 'आत्मवृत्त' पदव्युत्तर अभ्यासक्रमास लावावयाचे असेल तर ते एकटे लावू नये. ही तीन पुस्तके एकत्र वाचल्याखेरीज हिंगण्याचे संस्थावृत्त पूर्ण होत नाही, आणि त्यांतले आनंदीबाईंचे पुस्तक शेवटी नव्हे, आधी वाचावे.