जॉन डग्लस यांचे गुन्हेवाङ्मय : अनुभव आणि प्रमाण

१

प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यांवरील लेखन हा इंग्रजी वाङ्मयातील जुना आणि लोकप्रिय प्रकार आहे. त्यात लेखकाचे स्थान बहुधा बाहेरच्या माणसाचे असते. तो वार्ताहर असतो किंवा कादंबरीकार असतो. घटना घडून गेल्यावर तो कागदपत्रांतून व साक्षींतून ती पुन्हा उभी करतो. अमेरिकन लेखक जॉन डग्लस यांचे स्थान याहून निराळे आहे. १९४५ साली ब्रुकलिन येथे जन्मलेले डग्लस १९७० मध्ये एफ.बी.आय. या केंद्रीय तपाससंस्थेत दाखल झाले, १९७७ मध्ये क्वांटिको येथील वर्तनशास्त्र-शाखेत गेले आणि १९९५ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी मार्क ओल्शेकर यांच्या सहकार्याने लिहिलेला ‘माइंडहंटर’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. येथे निवेदक स्वतःच तपासाचा एक कर्ता आहे. त्यामुळे त्याच्या शब्दाला जे वजन येते, ते अनुभवाचे आहे की शास्त्राचे, हा डग्लस यांच्या सर्व लेखनाच्या मुळाशी असलेला प्रश्न होय.

गुन्ह्याच्या जागेवरील खुणा, बळीची निवड, कृत्याची रीत यांवरून अज्ञात गुन्हेगाराचे वय, स्वभाव, व्यवसाय व राहणी यांविषयी अनुमान बांधण्याची जी पद्धती ‘प्रोफायलिंग’ या नावाने प्रसिद्ध आहे, तिला मराठीत मनोरेखन म्हणता येईल. ही पद्धती डग्लस यांनी शोधून काढली असे नव्हे. न्यूयॉर्कमध्ये १९४० ते १९५६ या काळात बाँब ठेवणाऱ्या इसमाविषयी मनोविकारतज्ज्ञ जेम्स ब्रसेल यांनी अशीच अनुमाने केली होती, आणि १९६८ मध्ये ती आपल्या ग्रंथात कथन केली होती. क्वांटिको येथे या विषयाच्या अध्यापनाचा पाया हॉवर्ड टेटेन यांनी घातला. डग्लस आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट रेस्लर यांचे खरे कार्य असे की, त्यांनी तुरुंगांत जाऊन शिक्षा भोगणाऱ्या खुन्यांच्या मुलाखती घेतल्या आणि ऐकीव ज्ञानाच्या जागी काही सामग्री आणली.

२

या सामग्रीला दोन वेळा ग्रंथरूप मिळाले, आणि त्या दोन रूपांची तुलना उद्बोधक आहे. रेस्लर, अ‍ॅन बर्जेस व डग्लस यांचा ‘सेक्शुअल होमिसाइड’ हा ग्रंथ १९८८ चा. त्यात ३६ गुन्हेगारांची माहिती कोष्टकांत मांडली आहे. ‘माइंडहंटर’मध्ये त्यांपैकीच काही जण नामरूप धारण करून अवतरतात. एडमंड केम्पर हा त्यांतील ठळक नमुना. त्याची बुद्धिमत्ता, त्याचा धिप्पाड देह, आईविषयीचा त्याचा द्वेष आणि स्वतःच्या कृत्यांविषयी बोलतानाची त्याची शांत सफाई यांचे चित्रण विलक्षण परिणामकारक आहे. हा मनुष्य आपल्याला आवडला, अशी कबुलीही डग्लस देतात. ही कबुली त्यांच्या लेखनातील प्रामाणिकपणाची एक खूण आहे. कोष्टकात तिला जागा मिळाली नसती.

परंतु रूपांतरात काही निसटतेही. ३६ जणांचा तो समूह सर्व खुन्यांचा प्रतिनिधी म्हणून निवडलेला नव्हता; जे पकडले गेले आणि बोलण्यास राजी झाले, त्यांचाच तो होता. शिवाय ते स्वतःविषयी जे सांगत, त्यात आत्मगौरवाचा भाग असणे स्वाभाविक होते. संशोधनग्रंथाच्या वाचकाला या मर्यादांचा विचार करण्यास निदान अवसर असतो. कथेच्या ओघात तो अवसर उरत नाही, कारण एका केम्परचे चित्र मनावर ठसले की तोच प्रकाराचा प्रतिनिधी वाटू लागतो.

३

डग्लस यांच्या निवेदनाची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. १९८३ च्या डिसेंबरात, ग्रीन रिव्हर हत्याप्रकरणी सिअ‍ॅटल येथे गेले असता, मेंदूच्या दाहाने ते मरणोन्मुख झाले. ‘माइंडहंटर’चा आरंभ याच प्रसंगाने होतो. इतरांच्या मृत्यूंचा माग काढणारा मनुष्य स्वतः मृत्यूच्या दारी पडलेला पाहून वाचकाची सहानुभूती प्रथमच त्याच्या बाजूला जाते. त्यानंतर येणाऱ्या बहुतेक प्रकरणांचा साचा एकच आहे : गुन्ह्याची जागा, पोलिसांची कुंठित अवस्था, डग्लस यांचे अनुमान, आणि अटकेने होणारी त्याची प्रचीती. हा साचा डिटेक्टिव्ह कथेचा आहे. आपल्या व्यवसायाचे पूर्वज वास्तवापेक्षा गुन्हेकथांत अधिक सापडतात, असे डग्लस स्वतःच सुचवितात. त्यांचे सहलेखक ओल्शेकर हे कादंबरीकार आणि चित्रपटनिर्माते आहेत, हेही विसरता येत नाही. या ग्रंथांतील ‘मी’ हा एकट्या अधिकाऱ्याचा नसून दोघांनी मिळून घडविलेला आहे.

या साच्याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डोंगरवाटांवर खून करणाऱ्या इसमाच्या वाणीत दोष असावा, असे डग्लस यांनी सांगितले होते. १९८१ मध्ये पकडला गेलेला डेव्हिड कार्पेंटर खरोखरच तोतरा निघाला. हे अनुमान प्रसिद्ध झाले. परंतु त्याच वेळी वर्तविलेले वय प्रत्यक्षाहून बरेच कमी होते. कार्पेंटर पन्नाशीचा होता. डग्लस ही चूक लपवीत नाहीत, तरी वाचकाच्या स्मरणात तोतरेपणाच राहतो. अनेक विधानांतून जे जुळले तेच मनात उरावे आणि त्यावरून पद्धतीची सिद्धी मानावी, यास आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. ग्रीन रिव्हर प्रकरणाचा शेवटही या दृष्टीने बोलका आहे. तेथील खुनी गॅरी रिजवे २००१ मध्ये पकडला गेला तो डी.एन.ए. चाचणीने, चाचणीसाठी लागलेला त्याच्या लाळेचा नमुना पोलिसांजवळ १९८७ पासून होता.

व्याप्ती सिद्ध झाल्यावाचून अनुमान प्रमाण ठरत नाही. डग्लस यांच्या लेखनात सर्वत्र वावरणारी ‘सुसंघटित’ आणि ‘विसंघटित’ गुन्हेगार ही विभागणी ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये तपासली. मालिका-खुन्यांनी केलेल्या १०० खुनांचा अभ्यास करता दोन निरनिराळे वर्ग आढळले नाहीत. सुसंघटितपणाची लक्षणे बहुतेकांत होती. विसंघटितपणाच्या लक्षणांचा स्वतंत्र गट जमत नव्हता. म्हणजे कथेत सुबक वाटणारे हे द्वंद्व वस्तुस्थितीत तसे नाही. असे द्वंद्व तपासाच्या हाती पडून एखाद्या संशयिताभोवती आवळले गेले, तर त्याची किंमत निर्दोष माणसाला द्यावी लागते. म्हणूनच हा वाद केवळ विद्वानांचा नाही.

४

आणि याच ठिकाणी डग्लस यांच्या उत्तरायुष्यातील लेखनाचे महत्त्व आहे. अर्कान्सॉ राज्यात १९९३ मध्ये तीन बालकांचा खून झाला. सैतानपूजेच्या कल्पनेने भारलेल्या वातावरणात तीन तरुणांना १९९४ मध्ये दोषी ठरविण्यात आले, आणि त्यांतील एकास देहान्ताची शिक्षा झाली. बचावपक्षासाठी या प्रकरणाचा अभ्यास करून डग्लस यांनी त्यात पंथीय विधीची कोणतीही खूण नसल्याचे मत दिले. तिघे २०११ मध्ये सुटले. मात्र त्यासाठी त्यांना निर्दोषत्वाचा दावा राखूनही दोषाचा औपचारिक स्वीकार करावा लागला. ‘लॉ अँड डिसऑर्डर’ या २०१३ च्या ग्रंथात डग्लस व ओल्शेकर यांनी हे प्रकरण मांडले आहे.

या ग्रंथाचा नायक शिकारी नाही. खुनी कोण हे सांगण्यापेक्षा, जे सांगितले जात आहे त्याला आधार कोणता, हे विचारणे हेच त्याचे काम आहे. येथे तीच पद्धती संशय रोखण्यासाठी वापरली आहे, आणि त्या मर्यादित कामी ती अधिक विश्वासार्ह ठरते. जागेवर अमुक खूण नाही हे दाखविण्यासाठी माणसाच्या अंतर्मनात शिरण्याचा दावा करावा लागत नाही. साहजिकच ‘माइंडहंटर’चा दिपवणारा वेग या ग्रंथात नाही. २०१७ व २०१९ मध्ये दूरचित्रवाणी-मालिकेच्या रूपाने लोकांपुढे आला तो पहिलाच ग्रंथ. या दुसऱ्याची कीर्ती तुलनेने अल्पच राहिली.

डग्लस यांच्या एकंदर कामगिरीचे मूल्यमापन करताना म्हणून दोन निकष वेगळे ठेवणे अवश्य आहे. तुरुंगातील भेटींचे वृत्तान्त, हिंसेच्या नित्य सहवासाने खुद्द तपासकाच्या जीवनावर झालेल्या परिणामाचे निवेदन, आणि मृतांच्या आप्तांविषयीची आस्था या बाबतींत त्यांचे लेखन प्रथम श्रेणीचे अनुभवकथन आहे, ते टिकेल. मनोरेखनाचे शास्त्र म्हणून मात्र ते पुरेसे नाही, कारण आत्मचरित्र साक्ष देऊ शकते, निवाडा देऊ शकत नाही. स्वतःच्या यशाची कथा सांगणाऱ्या डग्लस यांच्यापेक्षा दुसऱ्यांच्या खात्रीविषयी शंका घेणारे डग्लस हे अधिक मोठे लेखक आहेत.