विभावाविना शोक : 'झॅस्थर' या एकव्यक्ती संगीतप्रकल्पाची वाटचाल

शोक हा करुण रसाचा स्थायीभाव होय. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्रा'पासून चालत आलेल्या रसविचारात या शोकाचा आस्वाद घडण्यासाठी विभाव आवश्यक मानला गेला आहे. कोण गेले, काय हरवले, कोणत्या परिस्थितीत हरवले, हे रसिकाला उमगले तरच पात्राचा विलाप त्याच्या अंतःकरणाला भिडतो. विलाप आहे, ग्लानी आहे, विषाद आहे, परंतु त्यांचे कारण मात्र कोठेच नाही, अशी कलाकृती संभवते काय, हा प्रश्न 'ॲटमॉस्फेरिक डिप्रेसिव्ह ब्लॅक मेटल' या संगीतप्रकाराने प्रत्यक्षात उभा केला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील अल्हाम्ब्रा या शहरात स्कॉट कॉनर या कलावंताने 'मॅलेफिक' हे टोपणनाव धारण करून १९९५ मध्ये सुरू केलेला 'झॅस्थर' हा प्रकल्प या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरतो.

या प्रकाराचे मूळ नॉर्वेमध्ये आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बर्गन येथील वर्ग विकर्नेस याने 'बर्झम' या नावाने सर्व वाद्ये एकट्यानेच वाजवून ध्वनिमुद्रणे केली. त्याच व्यक्तीला १९९४ मध्ये खून व चर्चची जाळपोळ या गुन्ह्यांसाठी २१ वर्षांची शिक्षा झाली, हेही सांगणे प्राप्त आहे. कॉनरने या परंपरेतून पद्धत स्वीकारली. एकाच माणसाने गिटार, बास, कीबोर्ड, ताल आणि गायन यांची जबाबदारी घ्यायची, घरीच ध्वनिमुद्रण करायचे आणि ध्वनीचा खरखरीतपणा पुसून न टाकता तोच आशयाचा भाग करायचा, अशी ही पद्धत.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला ही कल्पना सहजी पचणारी नाही. झाडीपट्टीची दंडार असो, माडियांचे रेला नृत्यगीत असो किंवा कोरपना-राजुरा परिसरातील गोंड वस्त्यांत दिवाळीच्या सुमारास रंगणारी दंडारी असो, येथे संगीत म्हणजे अनेकांनी एकत्र येणे. शोकदेखील समूहातच व्यक्त होतो. रडणाऱ्या बाईजवळ चार बाया येऊन बसतात. उलट, ब्लॅक मेटलच्या संपूर्ण कालखंडात 'झॅस्थर'ने रंगमंचावर एकही कार्यक्रम केला नाही. एकटेपण हा येथे गाण्याचा केवळ विषय राहत नाही. ती निर्मितीचीच अट बनते.

२००२ चा 'नॉक्टर्नल पॉइझनिंग' म्हणजे 'रात्रीचे विष' हा त्याचा पहिला पूर्ण संग्रह. त्यात गिटारचे विसंवादी स्वर वेगाने आणि अखंड छेडले जातात, यांत्रिक ताल पार्श्वभूमीला कोठेतरी दूर चालू राहतो आणि कीबोर्डचा लांबलेला स्वर सर्वांवर धुक्यासारखा पसरतो. हा स्वर प्रथम श्रवणी तंबोऱ्याची आठवण करून देईल. पण तंबोरा गायकाला पायाखालची जमीन देतो, येथे तीच काढून घेतली जाते. किंकाळीतील शब्द तर जवळजवळ उमगतच नाहीत. म्हणजे अनुभाव आहेत, व्यभिचारी भाव आहेत, विभाव तेवढा गाळला आहे. भट्टनायकाने सांगितलेल्या साधारणीकरणाला मुळात काही विशेष लागते. येथे विशेषच नसल्यामुळे श्रोता त्या रिकाम्या जागी स्वतःचे दुःख ठेवतो. या संगीताची विलक्षण पकड आणि त्यातील धोका, दोन्ही येथेच आहेत. या प्रकाराच्या अनेक अनुकरणकर्त्यांनी आत्मनाशाला वेष्टनावरील चित्रासारखे वापरले. ती उथळता कॉनरच्या उत्तम रचनांत नाही, तथापि तिच्यासाठी वाट मोकळी करून देण्यात त्याचाही वाटा आहे.

शीर्षकांतील आरशाची प्रतिमा या संदर्भात लक्षणीय आहे. २००१ च्या प्राथमिक ध्वनिमुद्रणाचे नाव होते 'अ गेट थ्रू ब्लडस्टेन्ड मिरर्स', म्हणजे रक्ताळलेल्या आरशांतून जाणारे द्वार. पुढे २००३ आणि २००४ या दोन वर्षांत तीन संग्रह आले आणि २००६ च्या 'सब्लिमिनल जेनोसाइड'मध्ये एका दीर्घ रचनेचे नाव झाले 'प्रिझन ऑफ मिरर्स'. जे द्वार होते ते आता कारागृह झाले. २००९ च्या संग्रहाचे नाव तर 'ऑल रिफ्लेक्शन्स ड्रेन्ड', सर्व प्रतिबिंबे ओसरलेली. हा क्रम योजनापूर्वक आहे की नाही, हा प्रश्न गौण मानावा लागेल. स्वतःलाच पाहणारी कला कोठे जाऊन पोहोचते याचा आलेख मात्र त्यातून स्पष्ट उमटतो. २००९ चा संग्रह ऐकतानाही तीच थकावट जाणवते. वातावरण तेच आहे, त्यातील भय ओसरले आहे.

दरम्यान २००५ मध्ये 'सन' या अमेरिकन संगीतसमूहाच्या 'ब्लॅक वन' या संग्रहासाठी कॉनरने शवपेटीत बंद होऊन गायन केले. या घटनेची चर्चा संगीतापेक्षा जास्त झाली, हे दुर्दैवच. तरीही तीत एक मार्मिक सत्य आहे. इतरांच्या सहवासात गातानाही हा गायक एका बंद जागेतूनच गातो.

२०१० मध्ये गायिका मारिसा नॅडलर हिच्या सहभागाने 'पोर्टल ऑफ सॉरो' प्रसिद्ध झाला आणि कॉनरने 'झॅस्थर' संपल्याचे जाहीर केले. त्यानंतर त्याने साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारवर नवा प्रकल्प आरंभिला. त्याला नाव दिले 'नॉक्टर्नल पॉइझनिंग'. आपल्या पहिल्या संग्रहाचे नाव नव्या वाद्याला देणारा कलावंत भूतकाळ नाकारीत नसतो. पुढे 'झॅस्थर' हे नाव त्याने पुन्हा घेतले आणि २०१६ मध्ये त्याच नावाने 'सब्जेक्ट टू चेंज' हा गिटारप्रधान संग्रह आला. या काळात काही वादक सोबतीला आले, प्रत्यक्ष कार्यक्रमही झाले. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना हे वळण विश्वासघातासारखे वाटले. हा आक्षेप टिकणारा नाही.

कारण २०२१ च्या 'व्हिक्टिम्स ऑफ द टाइम्स'मध्ये प्रथमच विभाव अवतरतो. घर नसलेली, स्वस्त खोल्यांत आणि रस्त्यावर दिवस काढणारी अमेरिकेतील माणसे येथे दिसू लागतात. शब्द ऐकू येतात. शीर्षकातील 'बळी' हे पद बहुवचनी आहे, हेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. गिटारचे विसंवादी स्वर जुनेच आहेत. पूर्वी ते गोंगाटाखाली गाडलेले होते, आता उघडे पडल्यामुळे अधिक बोचतात. अर्थात येथे हानीही झाली आहे. 'नॉक्टर्नल पॉइझनिंग'मधील धुके परत येत नाही आणि काही गीते वृत्तान्तकथनाच्या पातळीवरच राहतात. परंतु ज्याला शोकाचे कारण सापडले आहे, त्याच्याकडून कारणहीन शोकाची मोहिनी पुन्हा मागणे ही रसिकाची गैरवाजवी अपेक्षा म्हणावी लागेल. २०२३ च्या 'इनेव्हिटेब्ली डार्क'मध्ये ब्लॅक मेटलचे अंश परतले आहेत आणि ते साध्या गिटारच्या रचनांच्या शेजारी, त्याच संग्रहात, नांदत आहेत.