एकच गाडी, दोन आवृत्त्या

आजचा विषय मोटारगाड्यांचा आहे, पण मी इंजिनिअर म्हणून बोलणार नाही. एखाद्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की आपण विचारतो, इथली ओळ का गाळली, तिथे परिच्छेद का वाढवला? तसंच एकाच कंपनीच्या अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या गाडीकडे बघूया.

या फरकाचं एक तयार उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं. अमेरिकनांना ऐसपैस आवडतं, युरोपीयांना आटोपशीर. तिथे रस्ते रुंद, पेट्रोल स्वस्त, म्हणून गाडी मोठी. हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. आपण ज्याला 'आवड' म्हणतो त्यातलं बरंचसं आधी कायद्याच्या कलमात लिहिलेलं असतं. आणि प्रत्येक कलमाच्या मनात एक माणूस असतो. तो कोण, हा माझा प्रश्न.

सित्रोएं डीएस ही फ्रेंच गाडी घ्या. १९६७ साली तिला नवा चेहरा मिळाला. काचेच्या आवरणामागे दोन-दोन दिवे, आणि वरच्या श्रेणीच्या गाड्यांत आतले दिवे स्टिअरिंगबरोबर वळणारे. म्हणजे वळणावर गाडी पोचायच्या आधी उजेड पोचायचा. अमेरिकेत मात्र १९४० पासून ठरावीक मापाचा सीलबंद दिवाच लावायचा दंडक होता. वर काच चालत नव्हती, वळणारा दिवाही नाही. त्यामुळे समुद्र ओलांडताना डीएसच्या डोळ्यांवरची काच गेली आणि नजर स्थिर झाली.

आता यावर हसणं सोपं आहे. पण १९४० साली तो नियम शहाणाच होता. प्रत्येक गाडीला एकसारखा, भरवशाचा दिवा, जो कुठल्याही गावातल्या दुकानात मिळेल. अडचण पुढे झाली. दिव्यांचं तंत्र बदलत गेलं आणि नियम जागच्या जागी राहिला. बल्ब बदलता येणाऱ्या दिव्याला परवानगी मिळायला १९८३ साल उजाडलं. त्यातून धडा घेतला म्हणावं, तर तेही नाही. समोरून येणाऱ्या गाडीपुरताच झोत कापणारे दिवे ऑडीने २०१३ साली आणले. अमेरिकन नियमांत त्यांना जागा मिळाली २०२२ मध्ये.

याहून गंभीर उदाहरण एअरबॅगचं. अमेरिकेत सीटबेल्टची सक्ती राज्यांवर सोपवलेली. पहिला कायदा न्यूयॉर्कचा, १९८४ चा. न्यू हॅम्पशायरमध्ये प्रौढांना आजही सक्ती नाही. त्यामुळे तिथल्या संघीय नियमाने एअरबॅगची चाचणी बेल्ट न लावलेल्या पुतळ्यावर घ्यायला लावली. मोकळा सुटलेला, पूर्ण वाढीचा पुरुषी देह थोपवायचा, तर पिशवी मोठी हवी आणि जोरात फुगायला हवी. युरोपात पट्टा लावलेला आहे असं धरून चालत, म्हणून तिथली पिशवी लहान आणि सौम्य ठेवता आली.

परिणाम काय झाला? किरकोळ वेगाच्या धडकेतही फुगणाऱ्या पिशवीच्या तडाख्याने माणसं दगावली. त्यांत लहान मुलं होती, स्टिअरिंगच्या जवळ बसणाऱ्या बुटक्या स्त्रिया होत्या. अमेरिकन सरकारी अंदाजानुसार १९९० ते २००८ या काळात असे २९० हून अधिक मृत्यू झाले, बहुतेक १९९८ पूर्वी बनलेल्या गाड्यांत. १९९७ मध्ये नियम सैल करून पिशवीचा जोर कमी करायला मुभा दिली गेली. एअरबॅगने त्याच्या कितीतरी पट जीव वाचवले, हे खरंच आहे. पण बघा, पट्टा न लावणाऱ्याच्या स्वातंत्र्याची किंमत शेजारच्या सीटवरच्या मुलाने मोजली. नियमाच्या मनातल्या माणसात ते मूल नव्हतं.

युरोप शहाणा आणि अमेरिका अडाणी, असा निष्कर्ष काढू नका. धुराच्या बाबतीत उलटं आहे. अमेरिकन गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९७५ च्या मॉडेलांपासून सर्रास आला. युरोपात तो सगळ्या नव्या पेट्रोल गाड्यांत यायला १९९३ लागलं. पुढे युरोपने डिझेलला करात झुकतं माप दिलं. कार्बन डायऑक्साइड कमी निघतो, हे कारण. पण डिझेलमधून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, ते फुप्फुसांत जातात. युरो ५ मध्ये डिझेल गाडीला त्यांची मर्यादा किलोमीटरला ०.१८ ग्रॅम होती. अमेरिकेची सरासरी मर्यादा मैलाला ०.०७, म्हणजे किलोमीटरला साधारण ०.०४ ग्रॅम. चौपट कडक. २०१५ साली फोक्सवॅगनची लबाडी उघडी पडली ती अमेरिकेत, यात नवल नाही. गाडी परीक्षेला बसली आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं सभ्य वागणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होतं. यातल्या बहुसंख्य गाड्या युरोपातल्या होत्या.

मग आवड काहीच नाही का? आहे, पण ती कंपन्यांनी गृहीत धरलेली असते. १९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ अमेरिकेत 'रॅबिट' म्हणून गेली. १९७८ पासून ती पेनसिल्व्हेनियातच बनू लागली आणि तिथल्या व्यवस्थापनाने तिला 'अमेरिकन' केलं. स्प्रिंगा मऊ, आतली सजावट रंगाला रंग जुळवलेली. ज्यांनी ही गाडी तिच्या जर्मन घट्टपणासाठी घेतली असती, त्यांच्यासाठी तीच गोष्ट काढून टाकली होती. युरोपात १९७६ पासून विकली जाणारी जीटीआय अमेरिकेला १९८३ च्या मॉडेलात मिळाली आणि लोकांनी ती आवडीने घेतली. म्हणजे आवड होती. तिला कोणी विचारलं नव्हतं.

शेवटचा मुद्दा पिकअपचा. १९६४ पासून अमेरिकेत आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के कर आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, त्याचा हा सूड. कोंबड्यांचं भांडण मिटलं, कर राहिला. परदेशी स्पर्धा रोखली गेली. त्यात इंधनाचे नियम ट्रकना सैल. मग पिकअप आणि एसयूव्ही फुगत गेल्या, त्यांची नाकं छातीपर्यंत आली. युरोपात नव्या गाडीचं बॉनेट पायी चालणाऱ्याच्या डोक्याला किती इजा करेल, हे २००५ पासून तपासलं जातं. अमेरिकेत याला समांतर सक्तीचा नियम इतकी वर्षं नव्हता. तिथे २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी मेले, २०२२ मध्ये ७,५०० हून अधिक. फोन, वेग, अंधारे रस्ते, अशी कारणंही आहेत. पण विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये दाखवलं, की ४० इंचांहून उंच नाकाची गाडी आदळली तर पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते.

आपले भारत स्टेजचे नियम युरोपच्या वळणावरचे आहेत, पण आपल्या रस्त्यांवरचं नवं आकर्षण उंच नाकाचं आहे. आणि आपली मराठी गाडी-परीक्षणं वाचा. ॲव्हरेज किती, सनरूफ आहे का, आत बसणाऱ्याला किती तारे. सगळं ड्रायव्हरच्या सीटवरून लिहिलेलं. माझी तक्रार एवढीच, की परीक्षकाने एकदा खाली उतरून गाडीच्या पुढ्यात उभं राहावं. सहा-सात वर्षांचं मूल बॉनेटपुढे उभं असेल तर ते ड्रायव्हरला दिसतं का, एवढं तपासून लिहावं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊया.