उसातील बिबट्या, पडद्यावरील बिबट्या

शिरूर आणि दौंड तालुक्यांत घोड व भीमेच्या काठी जो ऊस उभा असतो, त्यात बिबट्याची मादी पिले घालते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत दोन बालके होती. तेव्हापासून बिबट्यावरचे माहितीपट आम्हांला पूर्वीच्या डोळ्यांनी पाहवत नाहीत.

बी.बी.सी.च्या 'प्लॅनेट अर्थ टू' या मालिकेतील शहरांवरचा भाग (२०१६) घ्या. मुंबईत रात्री बिबटे डुकरांची शिकार करतात. शरीराची ऊब टिपणारा कॅमेरा काळोखातून त्यांच्या आकृती वेचून काढतो, पार्श्वसंगीत उत्कंठा वाढविते आणि डेव्हिड ॲटनबरो यांचे निवेदन वरून उतरत राहते. कारागिरी निर्विवाद आहे. परंतु निवेदक त्या अंधारात उभा नाही. त्याला घरी परतण्याची घाई नाही. आपण शिकारीचे प्रेक्षक होतो, शेजारी होत नाही.

याच संस्थेचा २०१३ चा 'लेपर्ड्स : ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी कॅट्स' वेगळ्या वाटेने जातो. सरीसृपतज्ज्ञ रॉम व्हिटेकर स्वतः पडद्यावर येतात, कारण बिबट्याने त्यांचा पाळीव कुत्रा मारला आहे. ज्याचे काही हरपले, तोच प्रश्न विचारीत विद्या अत्रेय यांच्यासारख्या संशोधकांकडे जातो. हे कथनरूप आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते. (कुत्रा गेल्याचे दुःख आमच्याकडे मळ्यातल्या वस्तीवर कोणाला समजावून द्यावे लागत नाही.)

तरीही उणीव राहतेच. शोधयात्रेला प्रवासी लागतो आणि प्रवासी पुढे निघून जातो. उसाची कथा मात्र फिरून तेथेच येते : लागण, रात्रीच्या विजेवर पाणी धरणे, तोड, तोडीत उघडी पडणारी पिले, पुन्हा खोडवा. जुन्नर वनविभागात पकडलेले बिबटे अन्यत्र नेऊन सोडू लागल्यावर माणसांवरील हल्ले वाढले, असे अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले. कारण एका ठिकाणी, परिणाम दुसऱ्या ठिकाणी, मध्ये कित्येक महिने. थरारक दृश्यांच्या संकलनात हे मावत नाही.

त्यासाठी कॅमेऱ्याने एकाच वस्तीवर आडसाली लागणीपासून तोडीपर्यंत मुक्काम करावयास हवा, आणि निवेदन पाणी धरणाऱ्याच्या तोंडी असावे. चित्रपटविद्या शिकविणारी संस्था पुण्यात १९६० पासून आहे. तेथून शिरूर दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहे.