क्रिस्तपुराणाचा अधिकारी श्रोता

फादर तोमास स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाविषयीं मराठींत जें लिहिलें गेलें, तें बहुतेक दोन अंगांनीं लिहिलें गेलें आहे. कांहींनीं त्यांतील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या पुढें करून परदेशस्थ कवीच्या भाषाप्रेमाचें कौतुक केलें. कांहींनीं सतराव्या शतकाच्या आरंभींच्या भाषेचा कालनिश्चित नमुना म्हणून त्याच्या विभक्तिप्रत्ययांची छाननी केली. दोन्ही उद्योग उपयुक्त आहेत. परंतु ज्या कामासाठीं हा ग्रंथ रचला गेला तें काम त्यानें कितपत साधलें, हा प्रश्न या दोहोंत बाजूसच राहतो. क्रिस्तपुराण हें मुळांत शिकवणीचें पुस्तक आहे. नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या माणसांस व ख्रिस्ती घरांत जन्मलेल्या मुलांस नवा धर्म कसा द्यावा, या अडचणींतून तें जन्मास आलें. म्हणून त्याची परीक्षाहि त्याच कसोटीवर झाली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

कर्जत-खालापुराकडील मनुष्यानें साष्टींतील ग्रंथाची चिकित्सा कां करावी, असें कोणी विचारील. आमचा हा घाटपायथ्याचा मुलूख पोर्तुगीज अंमलाच्या बाहेरचा; चौल-रेवदंड्यास त्यांचीं ठाणीं होतीं, बोरघाटाखालीं नव्हतीं. परंतु पोथी म्हणजे काय हें येथें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. नेरळपासून खोपोलीपर्यंतच्या गांवांतून चातुर्मासांत देवळाच्या ओसरीवर हरिविजय किंवा पांडवप्रताप लावण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. एकानें ओवी वाचावी, दुसऱ्यानें अर्थ सांगावा, आणि खांबाशीं टेकून बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्यानें मध्येंच “पण बुवा, हें असें कां?” म्हणून विचारावें, असा तो क्रम. सांगणारा बुवा कसलेला आहे कीं नुसता पाठ म्हणणारा आहे, याचा निकाल त्या विचारणाऱ्यापाशीं लागतो. स्टीफन्स यांनीं आपला ग्रंथ ह्याच पद्धतीच्या वाचनासाठीं रचला. तेव्हां ओसरीवरच्या श्रोत्याची कसोटी त्यास परकी नाहीं.

आपल्याकडील शास्त्रग्रंथांच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याचा परिपाठ आहे. अधिकारी कोण, विषय कोणता, संबंध कोणता व प्रयोजन काय, या चार गोष्टी ठरल्या म्हणजे ग्रंथाचें बरेंवाईट ठरविणें सोपें जातें. क्रिस्तपुराणाचा विषय स्पष्ट आहे. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वर असून त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारांतील कथा आहेत. दुसऱ्यांत ५९ अवस्वर असून त्यांत येशू ख्रिस्ताचें चरित्र आहे. दोन्ही मिळून ओव्या सुमारें ११,००० भरतात. प्रयोजनहि उघड आहे; तें श्रोत्यास ख्रिस्ताच्या मार्गावर स्थिर करणें. ग्रंथ व विषय यांचा प्रतिपादक-प्रतिपाद्य हा संबंध नेहमींचाच. उरला अधिकारी. या ग्रंथाचें सारें वैशिष्ट्य, आणि त्याचा मोठा दोषहि, आमच्या मतें ह्या अधिकाऱ्याच्या ठायीं सांपडतो.

पहिल्या पुराणाच्या पहिल्याच अवस्वरांत कवीनें त्यास समोर आणून उभें केलें आहे. साष्टींतील एका ख्रिस्ती देवळांत रविवारीं मुलांस धर्माची शिकवण दिली जात आहे. तेथें एक ब्राह्मण पाद्रीस प्रश्न करितो. त्याचा आशय असा कीं, शिकवणींत सांगितलेलें आम्ही ऐकलें, तें बरें आहे. परंतु तुम्ही आमचीं पूर्वींचीं पुराणें बंद केलीं, तर त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें पुराण कां करून देत नाहीं? पाद्रीस हें मागणें रुचतें व त्यांतून कथेस आरंभ होतो. पुढेंहि श्रोते ठिकठिकाणीं शंका काढतात आणि वक्ता त्यांचें समाधान करितो.

ही योजना म्हणजे केवळ पुराणांच्या वक्ता-श्रोता-पद्धतीची नक्कल आहे, असें समजून पुष्कळांनीं ती सोडून दिली आहे. आम्हांस तींत त्याहून अधिक कांहीं दिसतें. शौनक सूतास विचारतो, जनमेजय वैशंपायनास विचारतो. तेथें प्रश्न हें कथेचें दार असतें आणि एकदां दार उघडलें कीं विचारणाऱ्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. येथें प्रश्नांत एक गरज आहे व त्या गरजेंत एक तक्रारहि आहे. “आमच्याजवळ होतें तें गेलें, आतां संध्याकाळीं दिव्यापाशीं बसून काय वाचावें?” असें तो शिष्य विचारीत आहे. आणि गुरूनें ही तक्रार झांकून न ठेवतां आपल्या ग्रंथाच्या उंबऱ्यावरच मांडली आहे. नवशिक्यास काय पाहिजे हें आधीं ऐकावें आणि मग बोलावें, ही गुरूची पहिली नीति होय. ती स्टीफन्स यांनीं पाळली.

याच लेखकाचें दुसरें शिकवणीचें पुस्तक जवळ ठेविलें म्हणजे हा भेद चांगला उमगतो. त्यांच्या मरणानंतर १६२२ सालीं राचोल येथें ‘दौत्रिन क्रिस्तां’ हें कोंकणी भाषेंतील धर्मपुस्तक छापून निघालें. तें पोर्तुगीज मूळावरून रचलेलें असून प्रश्नोत्तररूप आहे. अशा प्रश्नोत्तरींत प्रश्नहि ठरलेला असतो व उत्तरहि ठरलेलें असतें; मूल तें घोकतें व म्हणून दाखवितें. त्याचा उपयोग नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. अमरकोश व रूपावलि पाठ केल्यावांचून संस्कृतांत गति नाहीं, हें आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. परंतु रूपावलि पाठ झाली म्हणजे रघुवंशाची गोडी लागली असें होत नाहीं. पाठ केलेलें धारण करण्यास मनास कांहीं कथा, कांहीं करुण, कांहीं अद्भुत लागतें. तो रस दौत्रिनींत नाहीं. तो पुरविण्यासाठींच क्रिस्तपुराण आहे. साष्टींत जेजुइट पंथाचें काम १५६० सालीं सुरू झालें; पुराण छापलें तें १६१६ सालीं. म्हणजे तोंवर बाप्तिस्मा घेतलेल्यांचीं मुलें व नातवंडें वयांत आलेलीं होतीं. पहिल्या पिढीस धर्म बदलावयाचा होता. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीस तो राखावयाचा होता. बदलण्यास एक दिवस पुरतो. राखण्यास पुराण लागतें.

भाषेच्या बाबतींतहि गुरूची हीच दृष्टि आहे. आरंभींच्या गद्य प्रस्तावनेंत त्यांनीं सांगून ठेविलें आहे कीं, ग्रंथ मराठींत असला तरी जुन्या कवींचीं कठिण पदें आजच्या लोकांस कळणार नाहींत म्हणून तीं टाळून ब्राह्मणांच्या बोलींतील सोपे शब्द मिसळले आहेत. १५७९ सालीं गोव्यास उतरलेल्या या इंग्रज पाद्रीस पांडित्य दाखविण्याचा मोह झाला असता तर नवल नव्हतें. त्यांनीं तो आवरला. स्वर्गास वैकुंठ म्हटलें, मोक्ष, पाप, पुण्य हे शब्द तसेच घेतले. आणि जेथें ख्रिस्ती विधीची विशिष्ट वस्तु आली तेथें क्रूसासारखा परका शब्द ठेविला. लंडन येथें मार्सडेन-संग्रहांत जी देवनागरी प्रत आहे, तींत रोमन प्रतींतील अशा परक्या शब्दांच्या जागीं पुष्कळदां संस्कृत शब्द आढळतात. मूळ पाठ कोणता याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. आमच्या प्रस्तुत विषयास त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, एकच ग्रंथ दोन प्रकारच्या श्रोत्यांसाठीं दोन वेषांत हिंडला. जो ग्रंथ शिकविला जातो तोच असा बदलतो. कपाटांत राहिलेला ग्रंथ बदलत नाहीं.

आतां दोषाकडे वळूं. शास्त्रार्थांत पूर्वपक्ष जितका बळकट तितका सिद्धांत भक्कम, असा आपला नियम आहे. शंकराचार्य सांख्यांचें खंडन करितात तें सांख्यांस त्यांच्या पूर्ण शस्त्रांनिशीं उभें करून. क्रिस्तपुराणांतील श्रोता शंका विचारतो खरा, पण त्याच्या शंका नव्या कथेच्या आंतल्या आहेत. जुन्या कथेच्या बाजूनें त्यास बोलूं दिलेलें नाहीं. मूर्तिपूजेवर ग्रंथांत प्रहार आहेत, पण मूर्तिपूजक आपली बाजू मांडीत आहे असें स्थळ नाहीं. आणि तसें तें असणार तरी कसें? १५६७ सालीं साष्टींतील देवळें सरकारी बळानें पाडलीं गेलीं. १५८३ च्या जुलईंत कुंकळ्ळीस पांच जेजुइट पाद्री मारले गेले व मागाहून गांवच्या पुढाऱ्यांस कपटानें बोलावून ठार करण्यांत आलें. गोव्यांत इन्क्विझिशन बसलेलें होतें. अशा ठिकाणीं शिष्य पूर्वपक्ष करीत नसतो. तो फार तर “पुराण द्या” एवढेंच म्हणतो. पहिल्या अवस्वरांतील त्या प्रश्नाचें मोल म्हणूनच मोठें आहे. त्या काळीं जेवढें उघड बोलतां येण्याजोगें होतें, तेवढें त्यांत बोललेलें आहे. स्टीफन्स यांनीं हें ऐकलें हा त्यांचा गुण. परंतु पुराणें बंद कां केलीं याचें उत्तर त्यांच्या ११,००० ओव्यांत नाहीं, ही त्यांच्या ग्रंथांतील उणीव आम्ही नोंदविलीच पाहिजे. रिकामें केलेलें घर त्यांनीं प्रेमानें सजविलें. तें रिकामें कोणी केलें याची वाच्यता केली नाहीं.

पुढील इतिहासानें या उणिवेचा जणू हिशेब चुकता केला. क्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ सालीं आणखी आवृत्त्या निघाल्या. परंतु १६८४ सालीं व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें हुकूम काढून, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावें, असें ठरविलें. ज्या सत्तेनें प्रथम हिंदूंचीं पुराणें बंद केलीं, तीच सत्ता आतां ख्रिस्ती पुराणाच्या भाषेवर उठली. छापील प्रतींपैकीं आज एकहि उपलब्ध नाहीं. तरी ग्रंथ नष्ट झाला नाहीं, कारण श्रोत्यांनीं तो हातानें उतरून घेतला. गोवा सोडून कानड्यांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो बरोबर नेला. टिपूनें १७८४ सालीं तिकडील ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. १७९९ पर्यंतच्या त्या बंदिवासांत पुराणाच्या ओव्यांनीं श्रद्धा टिकविली, अशी त्यांच्यांत परंपरा आहे. जोसेफ साल्दान्हा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास जी आवृत्ति काढली, ती अशाच हस्तलिखितांच्या आधारें. पुढें अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनीं मार्सडेन प्रतीकडे लक्ष वेधलें, १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति सिद्ध केली व २००९ सालीं नेल्सन फाल्काव यांची आवृत्ति आली. छापखाना व सत्ता दोन्ही सुटल्यावर जें उरलें तें घरांतून उरलें.

आमच्याच रायगड जिल्ह्यांत याच्या जोडीस ठेवण्यासारखीं दोन स्थळें आहेत. कोर्लईचा किल्ला १७४० सालीं पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. पाठीशीं राजा नाहीं, अशा स्थितींत पायथ्याच्या गांवांतील ख्रिस्ती वस्तीनें आपला धर्म राखला, आणि मराठीच्या शेजारीं राहून आपली पोर्तुगीज वळणाची बोलीहि राखली. तेथें क्रिस्तपुराणासारखा ग्रंथ नव्हता. आई-आजीची बोली हेंच पुराण होतें. दुसरें स्थळ कर्जत तालुक्यांतील माथेरान. तेथें इंग्रज अमदानींतील अँग्लिकन व रोमन कॅथलिक अशीं दोन्ही देवळें आहेत. बांधणी सुबक; परंतु तीं मुख्यतः हवा खाण्यास येणाऱ्यांच्या सोयीसाठीं झालीं. त्या डोंगराच्या उतारावर ठाकर व कातकरी राहतात, आणि त्यांच्या बोलींत त्यांच्या शंका ऐकून घेणारा कोणी स्टीफन्स त्या देवळांतून उतरून आल्याचें दिसत नाहीं. कोर्लईस राजाश्रयावांचून परंपरा चालली. माथेरानास इमारती झाल्या. दोहोंतील अंतर दगडाचुन्याचें नाहीं, श्रोत्याचें आहे.

तेव्हां क्रिस्तपुराणाविषयीं आमचा अभिप्राय थोडक्यांत असा. काव्य म्हणून तें सर्वत्र सारखें नाहीं. लांबच लांब वंशावळींचे व उपदेशाचे भाग ओसरीवर वाचले तर श्रोते जांभया देतील. वादग्रंथ म्हणून तें एकपक्षी आहे. पण शिकवणीचा ग्रंथ म्हणून त्याची योग्यता मोठी आहे. कारण त्यानें शिष्यास प्रश्नासकट आंत घेतलें, त्याच्या भाषेंत त्यास उत्तर दिलें, आणि तें उत्तर असें दिलें कीं गुरूच्या मागें शिष्यानेंच तें जपलें. कोणताहि धर्म, आणि आम्ही म्हणूं कोणतीहि विद्या, पुढच्या पिढीस देतां येते ती याच वाटेनें. सत्तेच्या जोरावर ऐकणारे गोळा करतां येतात. अधिकारी श्रोता तसा मिळत नाहीं. जिज्ञासु वाचकांनीं हा ग्रंथ पुन्हां उघडतांना मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांशीं न थांबतां, त्या रविवारच्या सभेंत प्रश्न विचारणाऱ्या अनामिक मनुष्यापासून वाचनास आरंभ करावा, एवढीच आमची सूचना आहे.