ठळक अक्षरातले टीएसएच

वसई, नालासोपारा, विरार. कुठल्याही स्टेशनाबाहेर पडा, तपासणी-पॅकेजच्या पाट्या दिसतात. थायरॉईड त्यात बहुधा असतेच. एके काळी हे मोजमाप परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या मोजक्या ठिकाणी, किरणोत्सारी आयोडीन वापरून होई. (ही युक्ती यालो आणि बर्सन यांची, यालोबाईंना 1977 चे नोबेल मिळाले.) आता ते गल्लीत आले, हे चांगलेच झाले. माझी तक्रार अहवालाच्या कागदाबद्दल आहे.

आमच्या शाळेतल्या एका बाईंचा टीएसएच 5.8 आला, ठळक अक्षरात. शेजारी ‘सामान्य पल्ला 0.4 ते 4.0’. त्रास काहीच नव्हता, तरी बाई म्हणाल्या, “म्हणजे आता जन्मभर गोळी?”

हा पल्ला ठरतो कसा? निरोगी माणसांचे रक्त तपासून मधल्या 95 टक्क्यांचे आकडे घेतात. उरलेले पाच टक्केही निरोगीच असतात! कागदावर हे कुठेच लिहिलेले नसते. वर्गात हिशेब करून पाहावा: एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर निरोगी माणसाच्या सगळ्याच पल्ल्यात येण्याची शक्यता 0.95 चा विसावा घात, म्हणजे सुमारे 0.36. पॅकेज जितके मोठे, तितकी ठळक अक्षरे अधिक.

त्यात टीएसएच हे थायरॉईडचे संप्रेरक नव्हेच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे. रक्तातले थायरॉक्सिन निम्म्यावर आले तर ते शंभरपटीच्या आसपास वाढू शकते. त्या मानाने 5.8 म्हणजे किरकोळ चढ. शिवाय ते रात्री वाढते, दुपारी उतरते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्याही काही यंत्रांना चकवतात. लक्षणे नसताना एवढ्याशा वाढीसाठी दोन-तीन महिन्यांनी, मुक्त थायरॉक्सिनसह, पुन्हा तपासणे हीच रीत. गर्भारपणात मात्र असे थांबायचे नसते; तिथे पल्लाही वेगळा. बाईंचा दुसरा आकडा 3.6 आला. तो कागद कोणाला दाखवावासा त्यांना वाटला नाही. मी विचारले म्हणून कळले.

हीच चाचणी अत्यंत निकडीची असते ती नवजात बाळासाठी. थायरॉक्सिन कमी असलेले बाळ दिसायला बहुधा ठणठणीत असते. पण पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले नाही तर बुद्धीची हानी होऊ शकते आणि ती पुढे भरून निघत नाही. टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब पुरतात. तरीही देशात प्रत्येक बाळाची ही तपासणी होत नाही, आणि स्टेशनाबाहेरच्या पाट्यांवर ती मला अजून दिसलेली नाही.