अमूर्त म्हणजे काय नव्हे : निलंग्याच्या शेतचित्राच्या निमित्ताने

मराठी कलासमीक्षेत ‘अमूर्त’ ही संज्ञा बहुधा अभाववाचक अर्थानेच वावरते. ज्या चित्रात माणूस, झाड, घर ओळखू येत नाही ते अमूर्त, एवढ्यावर विवेचन थांबते. या धारणेला जोडून आणखी एक गृहीतक येते : अमूर्तता ही महानगरी कलेची मिरास असून तालुक्याच्या गावातील कला स्वभावतःच सादृश्यनिष्ठ असते. निलंग्यातील एका कलाकृतीच्या आधारे ही दोन्ही गृहीतके तपासता येतात.

२०१९ साली शिवजयंतीच्या निमित्ताने मंगेश निपाणीकर यांनी निलंगा येथे सुमारे सहा एकर शेतात पेरणी करून शिवाजी महाराजांची प्रतिमा साकारली. हेतू उघडच सादृश्याचा होता. परंतु अशा शेताच्या बांधावर उभे राहणाऱ्याला चेहरा दिसत नाही. दिसतात ते हिरवळीचे पट्टे आणि मधली उघडी माती. चेहरा दिसावा म्हणून दृष्टी उंचावर न्यावी लागते, आणि ती नेतो कॅमेरा. म्हणजे हे चित्र पूर्ण होते ते छायाचित्रात.

मग बांधावरून दिसणारे ते पट्टे अमूर्त चित्र ठरतात काय? रूढ व्याख्येनुसार ठरायला हवेत. कारण तेथे काहीच ओळखू येत नाही. तरीही आपण तसे म्हणणार नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याची उभारणी केली. बांधावरच्या डोळ्यासाठी त्या पट्ट्यांची अशी कोणतीही संघटना केलेली नाही; ती केली आहे आकाशातल्या डोळ्यासाठी. तेव्हा ओळख न पटणे ही अमूर्ततेची पुरेशी अट नव्हे.

ती आवश्यक अट तरी आहे काय? येथे नसरीन मोहमदी यांची छायाचित्रे उपयोगी पडतात. १९९० मध्ये रायगड जिल्ह्यातील किहीम येथे निधन पावलेल्या या चित्रकर्तीने आपली छायाचित्रे हयातीत प्रदर्शित केली नाहीत. त्यांतील किनारा, रस्त्यावरच्या रेषा, मागावरचे धागे बहुधा ओळखू येतात. छायाचित्राला वस्तूशी असलेले नाते पूर्णपणे तोडता येत नाही. परंतु रेषा आणि अवकाश यांचे परस्परसंबंध इतके बलवान होतात की वस्तूचे नाव दुय्यम ठरते. ओळख असूनही अमूर्तता सिद्ध होते. वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ऐवजी ‘अवस्तुनिष्ठ’ या अर्थाची संज्ञा पसंत करीत. वस्तूपासून काही काढून घेणे आणि मुळात वस्तूपासून आरंभच न करणे यांतील भेद त्यांना महत्त्वाचा वाटत होता. आपल्या समीक्षेने हा भेद पुरेसा पचवलेला नाही.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्य ही संकल्पना द्विध्रुवात्मक मानली : एक ध्रुव स्वायत्ततेचा, दुसरा लौकिकतेचा. शेतचित्र लौकिक ध्रुवाकडे झुकते, गायतोंडे स्वायत्त ध्रुवाकडे, आणि नसरीन यांचे छायाचित्र या दोहोंमधील ताण जिवंत ठेवते. या मांडणीत गाव आणि महानगर ही विभागणी कोठेच बसत नाही.

दुसऱ्या गृहीतकाला तर निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिरच उत्तर देते. या मध्ययुगीन मंदिराच्या बाह्य भिंतींवर सुरसुंदरींची डौलदार शिल्पे आहेत. गाभाऱ्यात मात्र शिवलिंग. बाहेर देहाचे सर्व तपशील, आत कोणत्याही देहाचे अनुकरण न करणारा आकार. लिंग ही उपासनेची वस्तू आहे, कलाकृती म्हणून तिचा विचार करताना सावधगिरी हवी, हे मान्य. परंतु सादृश्यावाचून आकार अर्थपूर्ण असू शकतो, हे येथील डोळ्याला शतकानुशतके ठाऊक आहे, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते.

म्हणून लहान गावातील प्रदर्शनात अमूर्त चित्रापुढे कोणी ‘हे काय आहे?’ असे विचारले, तर तो प्रश्न अडाणीपणाचा मानू नये. विचारणाऱ्याला चित्र कळण्याची क्षमता नसते असे नाही. त्याने कोठे उभे राहून पाहावे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगणे हेच समीक्षेचे काम आहे.